जुन्या धाटणीच्या क्रॉसओव्हरचे भाग मुंबईतच मिळतात. ते सुटे आणि मोजून मिळावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तबकड्या, व्हॉल्व्हचे (जुन्या काचेच्या नळ्यांचे) अँप्लिफायर आणि मोठ्या लाकडी पेट्यांचे स्पीकर यांची ओढ मुंबईतल्या तरुणांना पुन्हा लागली आहे, आणि त्यांतले काही जण तयार वस्तू विकत घेण्याऐवजी आपला स्पीकर आपणच बांधू पाहतात, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या स्पीकरांची दुरुस्ती करतो, त्यामुळे अशी मुले-मुली विचारपूस करायला माझ्याकडे येत असतात. पेटी सुताराकडून होते, वूफर (जाड स्वरांचा स्पीकर) आणि ट्वीटर (बारीक स्वरांचा स्पीकर) जुन्या बाजारात किंवा नवे कोरे मिळतात; घोडे पेंड खाते ते क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे या दोघांत आवाज वाटून देणाऱ्या जोडणीपाशी. परदेशी कंपन्यांच्या कंडेन्सरच्या आणि कॉइलच्या किमती पाहून, त्यांत टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवून, बहुतेक जण एक तर बेत सोडून देतात किंवा बाजारात मिळणारी तयार क्रॉसओव्हरची सर्किट-पट्टी जोडून मोकळे होतात. वास्तविक हे सगळे भाग मुंबईच्या रोजच्या बाजारात, सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत आणि उत्तम प्रतीचे उपलब्ध आहेत. ते कुठे आणि कसे पाहावेत हे वाचकांना कळावे, आणि ते सुटे, अस्सल आणि मोजून मिळावेत यासाठी व्यापाऱ्यांनी व तंत्रशिक्षण संस्थांनी थोडे पुढे यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे अँप्लिफायरकडून आलेला आवाज वाटून देणारी छोटी जोडणी. खालचे, जाड स्वर वूफरकडे आणि वरचे, बारीक स्वर ट्वीटरकडे जावेत यासाठी ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर बसवतात, कारण तो खालच्या कंपनांना अडवतो. वूफरच्या वाटेत तांब्याच्या तारेची कॉइल बसवतात, कारण ती वरच्या कंपनांना अडवते. आणि ट्वीटर वूफरपेक्षा मोठ्याने वाजत असेल तर त्याला आवरण्यासाठी एक-दोन रेझिस्टर लावतात. आजच्या महागड्या स्पीकरांत या जोडणीत कितीतरी भाग असतात, पण १९५०-६०च्या काळातल्या अनेक नावाजलेल्या स्पीकरांचे काम मोजक्या चार-पाच भागांवर भागत असे, आणि म्हणूनच जुन्या धाटणीचा क्रॉसओव्हर नवशिक्यालाही घरी बांधता येतो. मात्र भाग थोडे असले म्हणजे प्रत्येक भागाचे मूल्य (किंमत नव्हे, मोजमाप) बरोबर असणे अधिकच महत्त्वाचे ठरते. उदाहरणार्थ, साध्या एका कंडेन्सरच्या जोडणीत त्याचे मूल्य २० टक्क्यांनी उतरले, तर वाटणीची जागा ३००० हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला ३००० कंपनांवरून) ३७५० हर्ट्झवर सरकते. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो नेमका तोच हा पट्टा आहे. तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी आणि गायकाच्या उच्चारातले ‘स’, ‘श’ ज्यामुळे स्पष्ट ऐकू येतात ती कंपने याच परिसरात असतात. तिथे खड्डा पडला, की गाणे पडद्याआडून आल्यासारखे वाटते आणि ऐकणारा बिचारा ट्वीटरला दोष देत राहतो.

मोठ्या स्पीकरांशी या शहराचे नाते जुने आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात देशातला पहिला बोलपट झळकला, आणि बोलपटांबरोबर पडद्यामागचे कर्णेही आपल्या ओळखीचे झाले. पुढे १९४५ साली अमेरिकेतल्या आल्टेक लान्सिंग कंपनीने ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका बाजारात आणली. खाली पंधरा इंची वूफरची भलीमोठी पेटी, वर धातूचा कर्णा, आणि दोघांची वाटणी ५०० किंवा ८०० हर्ट्झवर, अशी तिची सर्वसाधारण रचना होती. असे स्पीकर एका वॅटला शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतात, त्यामुळे आठ-दहा वॅटचा लहानसा व्हॉल्व्ह अँप्लिफायरही घरातली मोठी खोली सहज भरून टाकतो. आज जी तरुण मंडळी जुन्या धाटणीचा स्पीकर बांधायला निघतात, त्यांच्या मनात बहुधा हा किंवा याच घराण्यातला एखादा नमुना असतो.

आता कंडेन्सरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे वाचतात ते इथेच. घरच्या छताच्या पंख्यात जो पांढरा किंवा काळा कंडेन्सर असतो, तो पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय पातळ फिल्मवर धातूचा मुलामा देऊन, ती गुंडाळून केलेला असतो. परदेशातून येणाऱ्या, एकेकाला काही हजार रुपये पडणाऱ्या ऑडिओ कंडेन्सरमध्येही बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच असते. पंख्याचा कंडेन्सर ४४० व्होल्टच्या एसी दाबावर वर्षानुवर्षे अखंड चालण्यासाठी बनवलेला असतो, तर ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट दिले तरी तिथे दाब असतो अवघा २० व्होल्ट. म्हणजे हा भाग त्या कामासाठी गरजेपेक्षा कितीतरी अधिक मजबूत आहे. २.५, ३.१५ आणि ४ मायक्रोफॅरड (हे कंडेन्सरचे माप) ही मूल्ये कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतात, आणि चांगल्या कंपनीच्या मालावर पाच टक्के कमी-अधिक अशी मर्यादा छापलेली असते. पाण्याच्या पंपाच्या आणि वातानुकूलन यंत्राच्या मोटरसाठी १०, १५, २०, २५, ३६ मायक्रोफॅरडचे मोठे कंडेन्सर त्याच दुकानांत असतात. हा माल परका नाही. केरळ सरकारची केल्ट्रॉन कंपनी कन्नूरला असे कंडेन्सर बनवते, आणि आपल्या नाशिकलाही फिल्म कंडेन्सरांचे मोठे उत्पादन होते.

हिशेबही कठीण नाही. ट्वीटर ८ ओहमचा असेल आणि वाटणी ३००० हर्ट्झवर हवी असेल, तर साध्या जोडणीला ६.६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. २.५ आणि ४ चे दोन पंख्याचे कंडेन्सर शेजारी-शेजारी ठेवून समांतर जोडले की ६.५ होतात, आणि त्या मूल्याला वाटणी ३०६० हर्ट्झवर पडते. हा फरक ऐकून ओळखता येणार नाही. चित्रपटगृहाच्या धाटणीचा १६ ओहमचा कर्णा ५०० हर्ट्झवर, दर सप्तकाला १२ डेसिबल उतार देणाऱ्या जोडणीने खालच्या स्वरांपासून वेगळा करायचा असेल, तर १४ मायक्रोफॅरड आणि ७.२ मिलिहेन्री (हे कॉइलचे माप) अशी मूल्ये येतात. यातले १४ म्हणजे पंपाचा १० आणि पंख्याचा ४. एवढ्या मूल्याचा परदेशी कंडेन्सर मागवायचा तर महिन्याच्या किराण्याएवढा खर्च येऊ शकतो. इलेक्ट्रिकच्या मालाच्या बाजारातून, म्हणजे लोहार चाळीतून, हीच जोडी दोन-तीनशे रुपयांच्या आत घरी येते.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना द्याव्याशा वाटतात. पहिली अशी की, मोटरचे कंडेन्सर दोन प्रकारचे असतात आणि दोन्ही एकाच फळीवर ठेवलेले असतात. मोटर चालू असेपर्यंत मंडलात राहणारा तो ‘रन’ कंडेन्सर. मोटरला सुरुवातीला धक्का देऊन काही सेकंदांत बाजूला होणारा तो ‘स्टार्ट’ कंडेन्सर. दुसरा इलेक्ट्रोलायटिक (फिल्मऐवजी रसायनावर चालणारा) असतो, त्याच्यावर ८० ते १०० असा मूल्यांचा पल्ला छापलेला असतो, आणि तो स्पीकरसाठी मुळीच घेऊ नये. दुकानदाराला केवळ ‘मोटरचा कंडेन्सर द्या’ असे सांगितले तर तो त्याच्या समजुतीने कोणताही देईल. ‘रनिंगचा, फिल्मचा’ असे स्पष्ट सांगावे. दुसरी सूचना जुने क्रॉसओव्हर दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहे. मूळ जोडणीत नॉन-पोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) इलेक्ट्रोलायटिक असेल, तर त्याच्या पोटात स्वतःचा थोडा अवरोध (रेझिस्टन्स) असतो आणि मूळ रचनाकाराने तो हिशेबात धरलेला असतो. त्या जागी फिल्मचा कंडेन्सर लावला की अवरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि ट्वीटर एकदम पुढे येऊन टोचू लागतो. अशा वेळी कंडेन्सरबरोबर अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर एकसर (एकामागे एक) जोडावा. दहा-वीस रुपयांच्या या रेझिस्टरने जुन्या स्पीकरचा मूळ स्वभाव परत येतो, हे मी अनेक पेट्यांत ऐकले आहे, आणि ‘नवे भाग लावल्यावर आवाज बिघडला’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

कॉइलची गोष्ट वेगळी आहे. कंडेन्सर तयार घ्यावा लागतो; कॉइल स्वतः गुंडाळता येते, आणि गुंडाळावीच असे माझे मत आहे. वर दिलेल्या ३००० हर्ट्झच्या उदाहरणात वूफरसाठी ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल लागते. १८ गेजची, म्हणजे १.२२ मिलिमीटर जाडीची इनॅमलची वायर घ्यावी. सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा लाकडी किंवा प्लास्टिकचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चकत्या लावून मधे १४ मिलिमीटर जागा ठेवावी. त्यावर शेजारी-शेजारी, थरावर थर असे ११०च्या आसपास वेढे बसले की काम होते. यासाठी वायर लागते साधारण १४ मीटर, तिचे वजन भरते दीडशे ग्रॅम आणि तिचा अवरोध येतो सुमारे ०.२ ओहम. हाताने गुंडाळताना वेढे थोडे सैल पडतात, म्हणून चार-पाच वेढे जास्तच घालावेत, मीटरवर मूल्य पाहावे आणि एकेक वेढा सोडवत हव्या त्या आकड्यावर यावे; तो आकडा मीटरवर हळूहळू उतरताना पाहणे हा नवशिक्याला मिळणारा उत्तम धडा आहे. कॉइल पक्की झाल्यावर पोटमाळ्यावरच्या किंवा गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी. तो मोटरच्या वाइंडिंगबरोबर तिला वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवून देतो, त्यामुळे वेढे आवाजाबरोबर थरथरत नाहीत आणि मुंबईच्या पावसाळी, खाऱ्या हवेपासूनही तिचे रक्षण होते. फळीवर बसवताना दोन कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात ठेवाव्यात, आणि मधून लोखंडी स्क्रू न घालता पितळी स्क्रू किंवा नायलॉनची पट्टी वापरावी, एवढे पथ्य पुरेसे असते.

चित्रपटगृहाच्या धाटणीला लागणाऱ्या ७.२ मिलिहेन्रीसाठी मात्र हवेच्या गाभ्याची, म्हणजे आत लोखंड नसलेली, कॉइल परवडत नाही. त्याच १८ गेजमध्ये ती करायची तर ८० मीटरच्या आसपास वायर लागते आणि डाव्या-उजव्या दोन स्पीकरांची मिळून दीड किलोहून अधिक तांबे खर्ची पडते. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा गाभा वापरावा आणि दोन भागांमध्ये कागदाची घडी घालून फट ठेवावी, म्हणजे मोठ्या आवाजाला लोखंड चुंबकीयदृष्ट्या तुंबत नाही. स्टॅबिलायझर बनवणारे छोटे कारखानदार हे पत्रे किलोवर घेतात, आणि विनंती केली तर थोडे देतातही.

अडचण सुरू होते ती वायर विकत घेताना. मोठे व्यापारी अख्खे रीळ घ्यायला सांगतात, आणि दीडशे ग्रॅम मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. जे सुटी देतात, त्यांतले काही जण रिळाचे वजन वजा न करता तांब्याच्या भावाने पैसे लावतात. याहून गंभीर बाब म्हणजे तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर विकली जाते. माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीला अशी वायर देण्यात आली. कॉइल तर उत्तम गुंडाळली गेली, पण अवरोध हिशेबाच्या जवळजवळ दीडपट निघाला. वायरचे टोक पक्कडने तोडून ब्लेडने खरवडले तेव्हा आत तांबूस रंगाऐवजी चांदीसारखा पांढरा धातू दिसला. तिने त्या दुकानात परत जाऊन विचारले तेव्हा ‘सगळे हीच नेतात’ असे उत्तर मिळाले. ओळखण्याची खूण सोपी आहे. तांबे अॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक जड असते, त्यामुळे त्याच आकाराचे रीळ हातात घेताच फरक कळतो, आणि टोक खरवडून पाहिले की शंकाच उरत नाही. पण ग्राहकाने ब्लेड घेऊन बाजारात जावे अशी वेळ का यावी? अॅल्युमिनियमची वायर विकण्यात काही गैर नाही, फक्त ती अॅल्युमिनियम म्हणून आणि अॅल्युमिनियमच्या भावाने विकावी. वजन-मापांसाठी २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा आहे. रिळाचे वजन ग्राहकाच्या माथी मारण्याच्या प्रकाराकडे त्या खात्याने लक्ष घालावे.

कंडेन्सरच्या बाबतीतही असाच प्रकार चालतो. वापरलेले, जुने कंडेन्सर वरचे वेष्टन बदलून नवे म्हणून विकले जातात. फिल्मच्या कंडेन्सरचा एक गुण असा की आत कुठे बारीक छिद्र पडले तर त्याभोवतीचा धातूचा मुलामा जळून जातो आणि बिघाड तिथेच थांबतो. पण दर वेळी थोडा मुलामा गेल्यामुळे मूल्य हळूहळू घटत जाते. जुना पंखा काही वर्षांनी मंद फिरू लागतो आणि कंडेन्सर बदलला की पुन्हा वेग धरतो, हे आपण सर्वांनी घरी पाहिले आहे. त्याचे कारण हेच. असा घटलेला २.५ चा कंडेन्सर प्रत्यक्षात १.८ भरतो, आणि वेष्टनावर मात्र २.५ छापलेले असते. म्हणून पंख्याच्या कंडेन्सरचे भारतीय मानक आयएस १७०९ आहे हे लक्षात ठेवून आयएसआयची खूण, बनवणाऱ्याचे पूर्ण नाव आणि उत्पादनाचा महिना-वर्ष पाहूनच माल घ्यावा, आणि शक्य तिथे मोजूनच घ्यावा.

रेझिस्टरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पाच आणि दहा वॅटचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पाच-पंधरा रुपयांना मिळतात आणि ते या कामाला उत्तम चालतात.

भंगाराच्या बाजाराविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जुन्या पेट्या, रेडिओग्राम आणि बंद पडलेल्या चित्रपटगृहांतले सामान येत असते. त्यातल्या क्रॉसओव्हरच्या कॉइल तोडून, इनॅमल जाळून, तांबे वजनावर विकले जाते. दीडशे ग्रॅमच्या कॉइलचे भंगारात शंभर रुपयांच्या आसपास येत असतील. तीच कॉइल न तोडता, मूल्य मोजून, चिठ्ठी लावून विकली तर हौशी माणूस तिचे तीनशे रुपये आनंदाने देईल, आणि ज्या वस्तीत ते इनॅमल जाळले जाते तिथली मुले त्या धुरापासून वाचतील. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा मुख्य भर उत्पादकांच्या जबाबदारीवर आणि पुनर्चक्रीकरणावर आहे. जो भाग तसाच पुन्हा वापरता येतो तो वितळवण्याआधी बाजूला काढावा, ही साधी गोष्ट पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रांवरही करता येण्याजोगी आहे.

याच ठिकाणी एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. जुन्या बाजारात तेल भरलेले, पत्र्याच्या डब्यातले कंडेन्सर ‘अस्सल जुना माल’ म्हणून मिळतात आणि हौशी मंडळी त्यांच्यामागे धावतात. त्यांतल्या १९८० पूर्वीच्या कित्येक डब्यांत पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या वर्गातले तेल असू शकते. ते शरीरात साठून राहते, यकृताला अपाय करते आणि कर्करोगकारक आहे. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीतले कंडेन्सरही यातच येतात. आपल्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१६ च्या आदेशाने पीसीबीचे उत्पादन व आयात बंद केली आणि ते असलेली साधने वापरण्याला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख घालून दिली. असा डबा कितीही देखणा दिसला तरी घेऊ नये. घरात असल्यास फोडू नये, जाळू नये, गळत असेल तर उघड्या हाताने धरू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. जुन्या आवाजासाठी जुने तेल लागत नाही. त्या काळची मूल्ये, त्या काळची साधी जोडणी आणि कॉइलचा त्या काळच्या जवळपास जाणारा अवरोध एवढे साधले, की पंख्याच्या कंडेन्सरवरही तोच भरदार, मोकळा आवाज मिळतो.

माझी पहिली विनंती लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीतल्या व्यापाऱ्यांना आहे. भाजीवाल्याच्या गाड्यावर जसा तराजू असतो, तसा प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यावर एक एलसीआर मीटर (कॉइल, कंडेन्सर आणि रेझिस्टर यांची मूल्ये मोजणारा) असावा. हातात मावणारा चांगला मीटर दोन-तीन हजारांत येतो. दिवसभरात शेकडो कंडेन्सर विकणाऱ्या दुकानाला हा खर्च जड नाही. ग्राहकासमोर कंडेन्सर लावून आकडा दाखवला, की वेष्टन बदललेला माल आपोआप मागे पडेल आणि प्रामाणिक दुकानदाराचे नाव होईल. त्याचबरोबर १६, १८ आणि २० गेजची वायर शंभर-शंभर ग्रॅमच्या गुंडाळ्या करून, तांबे की अॅल्युमिनियम हे ठळक लिहून, ठेवावी. किलोपेक्षा थोडा चढा दर लावला तरी कोणी तक्रार करणार नाही. ही गरज केवळ स्पीकरवाल्यांची नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या प्रकल्पांसाठी मुलांना एवढीच वायर लागते आणि तीही याच दारांवरून परत जातात.

दुसरी विनंती तंत्रशिक्षण संस्थांना आहे. शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात वाइंडिंग शिकवतात, तिथे वेढे मोजणारी यंत्रे असतात, आणि माटुंग्याच्या १८८७ साली स्थापन झालेल्या व्हीजेटीआयसारख्या संस्थेत मोजमापाची उत्तम साधने आहेत. महिन्यातून एका शनिवारी दुपारी, माफक शुल्क घेऊन, बाहेरच्या माणसाला आपली कॉइल तिथे गुंडाळता आली आणि आपले कंडेन्सर मोजून घेता आले, तर विद्यार्थ्यांनाही खऱ्या कामाचा सराव होईल. यंत्रे तिथे आहेत, शिकवणारे आहेत, शनिवारी दुपारी त्या कार्यशाळा बहुधा बंद असतात. परवानगी आणि एक देखरेख करणारा निदेशक, एवढीच व्यवस्था लागेल. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे संकेतस्थळही सुरू केले. पण हक्क मिळाला तरी सुटा भाग आणि तो मोजायचे साधन हाताशी नसेल, तर दुरुस्ती होणार कशी?

मुंबईतली एखादी संस्था असा शनिवार सुरू करण्यास तयार असेल, तर मोजमाप आणि गुंडाळणी शिकवण्यासाठी विनामूल्य वेळ देण्याची माझी तयारी आहे, आणि आपल्या वृत्तपत्रामार्फत तसे कळवल्यास मी आनंदाने हजर राहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक व जुन्या स्पीकरांचा दुरुस्तीकार,
दादर, मुंबई